कामाच्या आठवणी : आपल्याच वसाहतीचा न लिहिलेला इतिहास

स्मरणिका समितीने "संस्थेच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी आधी संस्थेचं दप्तर काढून बसलो. नोंदणीची कागदपत्रं, भूखंडांच्या वाटपाची यादी, हप्त्यांच्या पावत्या, वार्षिक सभांची इतिवृत्तं, सगळं जागच्या जागी आहे. आजवरच्या सचिवांनी ते नीट सांभाळलं, याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. त्या दप्तरात सामाईक विहिरीच्या खोदकामाचा ठराव सापडला. सूचक कोण, अनुमोदक कोण, खर्च किती, सगळं आहे. विहीर खोदली कोणी, एवढंच नाही. प्रवेशद्वारावरच्या संगमरवरी पाटीचंही तसंच. पाहुण्यांचं नाव आहे, पदाधिकाऱ्यांची नावं आहेत, कमान बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव नाही.

यात मी कोणाला दोष देत नाही. मी स्वतः कार्यकारिणीत होतो आणि त्यातले काही ठराव माझ्याच अक्षरात आहेत. त्या वेळी मलाही सुचलं नाही.

आपल्या पवनीला ही सवय फार जुनी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला आणि वैनगंगेकाठचं हे गाव दोन हजार वर्षांहून जुनं आहे हे जगाला कळलं. स्तूपाच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच पाहिजे. पण तो दगड खाणीतून काढला कोणी, गाड्यावर लादला कोणी, त्यावर छिन्नी चालवली कोणी, हे दगड सांगत नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यातला एक शिलालेख तर विणकरांबद्दलच आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. त्यातून लेण्यातल्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत अशी व्यवस्था होती. हिशेब चोख आहे. त्या काळी विणकरांची संघटना एखाद्या बँकेसारखी विश्वासाची होती, हेही त्यातून कळतं. फक्त विणकर काय विणत होते, दिवसाला किती हात कापड निघायचं, पोरांना माग कोण शिकवायचं, यातलं काही त्या लेखात नाही. ज्याने पैसे ठेवले त्याने लेख कोरवला. ज्यांनी कापड विणलं त्यांना कोणी विचारलं नाही.

पवनीसुद्धा विणकरांचं गाव. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये आपल्या गावाबद्दल नदी, घाट, तटबंदी, नगरपालिका यांच्याबरोबर रेशीमकाठी कापडाच्या उद्योगाचा उल्लेख येतो. एक-दोन वाक्यांत तो आटोपतो. माझे बाबा त्या वाक्यातले. त्यांनी आयुष्यभर माग चालवला.

आमच्या घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला माग होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत. कोशाची साडी असली आणि तिला करवतकाठ असला की आई त्यांच्या बाजूला बसे. करवतकाठ म्हणजे काठ आणि अंग जिथे मिळतात तिथे करवतीच्या दातांसारखी नक्षी. त्यासाठी तीन धोटे लागतात, एक अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे. प्रत्येक ओळीत अंगाचा धागा आणि काठाचा धागा एकमेकांत अडकवावा लागतो, म्हणून दुसरा माणूस जवळ लागतोच. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, त्यामुळे मला वाटायचं की हे मला ठाऊक आहे.

बाबा गेल्यावर काही वर्षांनी माझ्या मुलीने आजीची जुनी साडी हातात घेऊन विचारलं, "बाबा, हे दात सारखे कसे येत होते? मोजायचे कसे?" मला सांगता येईना. आईला विचारलं. तिने काठाचा धोटा केव्हा टाकायचा, धागा किती ओढायचा, कुठे हात सैल सोडायचा हे भराभर सांगितलं. मग थांबली. म्हणाली, "एवढं माह्याकडचं. मोजनं तुह्या बाबाच्या हातात होतं. मी फक्त त्याईच्या हाताकडे पाहून टाकत जाये."

आमच्या घरात त्या विद्येचा अर्धाच भाग उरला, आणि तोही मुलीने विचारलं म्हणून. गावात आणि मोहाडी-आंधळगावकडे अजूनही काही हात हे काम जाणतात, ही समाधानाची गोष्ट. पण बाबांची मोजण्याची रीत बाबांबरोबर गेली. ते चाळीस वर्षं माझ्यासमोर बसले होते. मी शिकलो, नोकरीला लागलो, मुलांना इतिहास शिकवला, पानिपत आणि प्लासी पाठ करून घेतली. बाबांना एक प्रश्न विचारायला मला सवड झाली नाही.

त्या दिवसापासून मी मोबाईलवर बोलणं ध्वनिमुद्रित करायला लागलो. आधी आईचं, मग आपल्या वसाहतीतल्या आणि शेजारपाजारच्या वडीलधाऱ्यांचं. आतापर्यंत अकरा जणांशी बोलून झालं आहे.

हे काही माझं नवं डोकं नाही. आपल्याच महाराष्ट्रात मोठ्या माणसांनी हे काम केलं आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या कामगारांच्या मुलाखती घेऊन २००४ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. पण साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा होता, खानावळ कशी होती, संपात घर कसं चाललं, हे त्यांच्याच तोंडून आता वाचायला मिळतं. त्याआधी १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. दळण हे बायांचं रोजचं काम. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि त्याबरोबर ओव्याही जाणार होत्या.

पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते नरेंद्र जाधव यांच्या वडिलांचं उदाहरण. दामोदर रुंजाजी जाधव हे मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेले, जेमतेम अक्षरओळख असलेले गृहस्थ. निवृत्तीनंतर घरी स्वस्थ बसवेना, तेव्हा मुलाने त्यांना आयुष्याच्या आठवणी लिहायला लावल्या. त्यांनी आपल्या भाषेत वह्या भरल्या. त्याच वह्यांच्या आधाराने पुढे 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक १९९३ साली आलं आणि कितीतरी भाषांत गेलं. बापाला वही देणारा मुलगा आणि न देणारा मुलगा, यात केवढं अंतर असतं ते मी जाणतो.

परदेशातही हे झालं आहे. अमेरिकेत शिकागो शहरात स्टड्स टर्केल नावाचे रेडिओवर मुलाखती घेणारे गृहस्थ होते. त्यांनी शंभरावर साध्या माणसांना एकच गोष्ट विचारली, तुम्ही दिवसभर काय काम करता आणि त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं. १९७४ साली त्याचं 'वर्किंग' नावाचं जाडजूड पुस्तक झालं. पोलाद कारखान्यातला मजूर, हॉटेलात वाढणारी बाई, कचरा उचलणारा, सगळे त्यात आपापल्या तोंडाने बोलतात.

आता आपल्या वसाहतीकडे येतो. ज्यांच्याशी बोललो त्यांची नावं त्यांच्या इच्छेप्रमाणे इथे देत नाही.

आपल्या एका सभासदांच्या आई बिड्या वळत. मी मोबाईल समोर ठेवला तर त्या हसल्या. "मी का सांगू जी? माह्या कामात सांगासारखं काय हाये?" मी म्हटलं, आजी, फक्त सकाळी उठल्यापासून सांगा. मग दीड तास त्या थांबल्या नाहीत. तेंदूचं पान रात्री ओलं करून ठेवायचं. सकाळी पत्र्याच्या मापाने कातरायचं. तंबाखू भरून वळायची, तोंड दाबायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. शाळेत जायच्या आधी पोरं दोरा बांधून देत. हजार भरले तरी ठेकेदाराकडे मोजताना काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढत, त्याचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. उन्हाळ्यात पहाटे चारला जंगलात पानं तोडायला जात. ७० पानांचा एक पुडा. "वाघाचं भेव नोयतं काय आजी?" असं मी विचारलं. "भेव होतं ना. पन घरी पोट होतं."

शेवटी त्या सहज बोलून गेल्या, "ह्या प्लाटाचे पयले हप्ते बिडीच्याच पैशाचे होत." मी घरी येऊन पावत्या पाहिल्या. सगळ्या पावत्या मुलाच्या नावाने आहेत, आणि कायद्याने तेच बरोबर आहे, सभासद तेच. पण आपल्या संस्थेच्या पायात आजींच्या हजारो बिड्या आहेत, हे कोणत्याच पावतीवर लिहिलेलं नाही. असे आणखी किती हप्ते कोणाच्या शिलाईतून, कोणाच्या रोवणीच्या मजुरीतून, कोणाच्या दुधातून गेले असतील, ते ज्याने त्याने आपल्या घरी विचारावं.

दुसरे एक काका मुलाकडे राहतात. त्यांचं गाव गोसेखुर्दच्या पाण्याखाली गेलं. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा काका तरुण होते. पुढे त्याच धरणाच्या कामावर त्यांनी मजुरी केली. "ज्या धरणाची माती डोक्यावर वाह्यली, त्याच धरणाच्या पान्यात माहं वावर गेलं," एवढंच ते म्हणाले. धानाची रोवणी, पऱ्हे उपटणं, बांधीत पाणी किती ठेवायचं, हे त्यांनी फार आवडीने सांगितलं. घर मोकळं करायच्या दिवसावर आले तेव्हा त्यांनी हाताने खूण केली, मोबाईल बंद करा. मी बंद केला. तो भाग माझ्याकडे नाही आणि मी तो लिहिणारही नाही. धरणाचं पाणी किती शेतांना मिळालं याचे आकडे सरकारी कागदात मिळतात. त्या खुणेचा अर्थ मात्र समोर बसल्याशिवाय कळत नाही.

तिसरे रेल्वेत गँगमन होते, नागपूर-नागभीड छोट्या लाईनवर. आपलं 'पवनी रोड' स्टेशन त्याच लाईनवरचं. १९०८ साली सुरू झालेली ती छोटी गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. गाडीच्या आठवणी आपल्या सगळ्यांकडे आहेत, पण त्या खिडकीतल्या आहेत. त्यांच्या आठवणी रुळावरच्या. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन रूळ तपासत मैलोन् मैल चालायचं, पुलाखालचं पाणी पाहायचं, रुळाखालची खडी वाहून गेली की धावत पुढे जाऊन गाडी थांबवायची. त्यांनी एका मोठ्या पुराची गोष्ट सांगितली आणि साल सांगितलं. नंतर त्यांचंच सेवापुस्तक काढून पाहिलं, तर त्या साली त्यांची बदली दुसरीकडे होती. ते खोटं बोलत नव्हते. दोन पूर त्यांच्या मनात एक झाले होते. म्हणून सांगितलेलं साल कागदाशी ताडून पाहावं. पण कंदील कसा धरायचा आणि रात्री पायाला रूळ सैल आहे हे कसं कळायचं, ते कागदात शोधू नये, ते त्यांनाच विचारावं.

या अकरा जणांकडून मी काही गोष्टी शिकलो, त्या नवीन करणाऱ्यांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

"तुमचं आयुष्य कसं गेलं" असं विचारलं की माणूस म्हणतो, "बरं गेलं," आणि गप्प होतो. त्यापेक्षा बारीक विचारावं. कामाचा पहिला दिवस कसा होता? शिकवलं कोणी? पहिली मजुरी किती आणि ती कोणाच्या हातात दिली? कोणतं अवजार होतं? ते घरात असेल तर हातात द्यावं. आईच्या हातात धोटा दिला तेव्हा ती जे बोलली, ते नुसतं विचारून कधीच बोलली नसती. कामात हात-पाय कुठे दुखावला हेही विचारावं. कोशाचं सूत मांडीवर वळून मांडीची कातडी कशी निबर होते, ते एका मावशीने सांगितलं. सुंदर कोशाची साडी पाहताना हे आपल्या मनात येत नाही.

भाषा सुधारू नये. आपली झाडीबोली ही अशुद्ध मराठी नव्हे, ती आपली बोली आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या चळवळीसाठी आयुष्य वेचलं ते उगीच नाही. शिवाय बरेच कामाचे शब्द बोलीतच असतात. ते प्रमाण भाषेत लिहायला गेलो तर शब्द जातो आणि त्याबरोबर कामही जातं.

पंखा आणि टी.व्ही. बंद ठेवावा, नाहीतर नंतर नुसती घरघर ऐकू येते. सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी. परवानगी आधी घ्यावी आणि शेवटी पुन्हा विचारावं, यातलं काही वगळायचं आहे का. जे वगळा म्हणतील ते वगळावं. घरच्यांना एक प्रत द्यावी. आणि कोणाला मध्येच बंद करा असं वाटलं, तर का म्हणून विचारू नये.

माझी कार्यकारिणीला आणि सभासदांना विनंती आहे की रौप्यमहोत्सवी वर्षात हे काम संस्थेने आपलं म्हणून घ्यावं. खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक घरात मोबाईल आहे आणि उन्हाळ्याच्या सुटीत मोकळी असलेली मुलं आहेत. प्रत्येक घराने आपल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं एक तासाचं बोलणं जरी नोंदवलं, तरी वर्षाअखेर संस्थेच्या दप्तरात इतिवृत्तांच्या शेजारी एक नवं कपाट भरेल. त्यात एस.टी.चे कंडक्टर असतील, लाईनमन असतील, परिचारिका असतील, गुरुजी असतील. आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या ताई, रात्री शिट्टी वाजवत फिरणारे चौकीदार काका, नाल्या साफ करणारे भाऊ, यांनाही विसरू नये. ते सभासद नाहीत, पण त्यांच्या कामाशिवाय ही वसाहत पंचवीस वर्षं चालली नसती.

जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात वीस वर्षांच्या वयात ज्यांनी घमेली उचलली असतील, ते आज पंच्याहत्तरीच्या आसपास असतील. गावात कोणी असतील तर त्यांचाही पत्ता लावावा. दोन हजार वर्षांचा दगड मातीतून पहिल्यांदा वर आला तेव्हा त्यांचे हात त्याला लागले होते.

विहिरीचं सांगायचं राहिलं. वसाहतीतली बरीच घरं बांधलेल्या मिस्त्रींना मी गेल्या महिन्यात विचारलं. त्यांना लगेच आठवलं. दोन भाऊ होते, जवळच्याच खेड्यातले. किती हातावर खडक लागला आणि कोणत्या दिवशी पाणी लागलं, ते मिस्त्रींनी सांगितलं. थोरला भाऊ आता नाही. धाकटा आहे, पण त्याला कानाने कमी ऐकू येतं. येत्या रविवारी त्याच्याकडे जायचं ठरवलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी आठ वाजता विहिरीजवळ यावं.